दशहरी : मोहोरापासून मुरंब्यापर्यंत

लखनौ शहरात गोमती नदीच्या उत्तरेस अलीगंज नावाची वस्ती आहे. तेथील जुने हनुमान मंदिर सर्व अवध प्रांतात प्रसिद्ध असून त्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. ज्येष्ठ महिन्यातील प्रत्येक मंगळवारी येथे मोठी गर्दी लोटते. या दिवसाला ‘बडा मंगल’ असे म्हणतात. उत्तरेकडील महिने पौर्णिमान्त असल्यामुळे हा ज्येष्ठ महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य पक्षातच सुरू होतो. भर उन्हाळ्यात रस्तोरस्ती मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत आणि पुरी-भाजी दिली जाते. या मंगळवारांपैकी शेवटचे मंगळवार येतात, त्याच सुमारास अलीगंजमधील कपूरथला चौकात आणि अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांच्या गल्ल्यांत हातगाड्यांवर दशहरी आंबा दिसू लागतो. महाराष्ट्रात हापूसचा हंगाम संपून पावसाची वाट पाहिली जात असते, तेव्हा लखनौचा आंबा नुकता सुरू झालेला असतो.

हा आंबा फार दुरून येत नाही. शहराच्या पश्चिमेस हरदोईच्या रस्त्याने गेले की प्रथम काकोरी आणि नंतर सुमारे 25 किलोमीटरवर मलिहाबाद लागते. या दोन गावांच्या परिसरात मैलोगणती आमराया पसरलेल्या आहेत. काकोरीजवळच दशहरी नावाचे लहानसे खेडे आहे. या जातीचा मूळ वृक्ष तेथे आजही उभा आहे, आणि तो सुमारे तीनशे वर्षांचा असल्याचे परंपरेने मानले जाते. खेड्याचे नाव फळाला मिळाले आणि फळाने ते देशभर पोचविले. 2009 साली ‘मलिहाबादी दशहरी’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले.

आंब्याचे झाड वर्षभर काम करते, परंतु त्याचे फळ जेमतेम पाच-सहा आठवड्यांत विकून संपवावे लागते. फळ कोणत्या वयात झाडावरून उतरले यावर त्याचे पन्हे होणार, लोणचे होणार, आमचूर होणार की ते ताटात रसाच्या रूपाने येणार हे ठरते. बागाइतदाराच्या पदरात काय पडणार हेही बऱ्याच अंशी याच गोष्टीवर अवलंबून असते. म्हणून फळाच्या वयाचा क्रम धरूनच या पिकाची माहिती करून घेणे सोयीचे आहे.

वृक्ष आणि कलम

आंब्याची कोय पेरली तर रोप उगवते, पण दशहरीच्या कोयीपासून दशहरीच निपजेल असे नाही. दशहरी, लंगडा, चौसा, हापूस या जातींच्या कोयीत एकच अंकुर असतो आणि तो परागणातून निर्माण झालेला असल्यामुळे त्यात दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे टिकवायचे असतील तर कलम करण्यावाचून गत्यंतर नाही. आज मलिहाबादच्या बागांत दशहरीची जी असंख्य झाडे आहेत ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता एकाच झाडाचा विस्तार होय.

पूर्वी यासाठी मुख्यतः भेट कलम केले जाई. कुंडीतील गावठी रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ नेऊन दोहोंची साल तासून ती एकत्र बांधत आणि जोड सांधल्यावर फांदी कापून घेत. ही पद्धत खात्रीची, पण संथ आणि खर्चाची. पुढे काडी वेगळी कापून रोपाच्या बाजूला बसविण्याची पद्धत उत्तरेत रूढ झाली. कोकणात याच कामासाठी कोय कलमाचा प्रसार झाला. त्यात कोय रुजल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या कोवळ्या रोपावरच पाचर भरून काडी बसवितात.

मलिहाबादला कलमाची ही विद्या घराघरांतून चालत आली आहे. येथील एक बागवान कलीमुल्ला खान यांनी एकाच वृक्षावर सुमारे तीनशे जातींची कलमे बांधून दाखविली. 2008 साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

दोन झाडांत 10 ते 12 मीटर अंतर ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे एका हेक्टरात 70 ते 100 झाडे बसतात. याउलट दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने निर्माण केलेल्या ‘आम्रपाली’ या ठेंगण्या जातीची झाडे अडीच-अडीच मीटरवर, म्हणजे हेक्टरी 1600 पर्यंत लावता येतात. ‘मल्लिका’ ही दुसरी संकरित जातही याच दोन जातींपासून, परंतु नर-मादीची अदलाबदल करून मिळविण्यात आली. दशहरीत एक वर्ष भरपूर आणि पुढच्या वर्षी तुरळक फळे धरण्याची खोड आहे. ती घालविणे हा या संकराचा एक मुख्य हेतू होता.

मोहोर आणि फळधारणा

लखनौकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडे मोहोरतात. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांहून अधिक फुले असतात. त्यांतील बरीच केवळ नर असतात आणि उरलेल्यांपैकी शंभरात एकही फूल पक्व फळापर्यंत पोचत नाही. इतकी गळ निसर्गतःच होत असल्यामुळे थोडासा बिघाडही पीक बुडविण्यास पुरेसा होतो.

दशहरीच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. या जातीच्या फुलाला स्वजातीच्या परागाने सहसा फळ धरत नाही. पराग दुसऱ्या जातीचा लागतो. जुन्या बागांत लंगडा, चौसा, सफेदा, बंबई हरा, शिवाय कोयीपासून वाढलेली गावठी झाडे सरमिसळ असत, त्यामुळे ही गरज आपोआप भागत असे. बाजारात दशहरीला भाव येऊ लागला तशा सगळ्या बागा दशहरीच्याच होऊ लागल्या. त्यातच तुडतुडे मारण्यासाठी ऐन मोहोरात वारंवार औषधे फवारल्यामुळे पराग वाहणाऱ्या माश्या आणि इतर कीटकही नाहीसे होऊ लागले. याचा परिणाम म्हणून तुऱ्याच्या टोकाशी गोटीएवढ्या कैऱ्यांचा घोस लटकतो, वाढ खुंटते आणि काही दिवसांत घोस गळून पडतो. बागवान या विकाराला ‘झुमका’ म्हणतात, कारण तो घोस कानातल्या झुमक्यासारखा दिसतो. त्यावर उपाय असा की बागेत बंबई हरा यासारख्या जातीची काही झाडे राखावीत आणि पूर्ण मोहोर फुललेला असताना फवारणी करू नये.

तुडतुडे आणि भुरी यांच्याखेरीज उत्तरेतील बागांना पिठ्या ढेकणाचा उपद्रव होतो. त्याची पिले थंडीत जमिनीतून निघून खोडावरून वर चढतात. डिसेंबरमध्ये खोडाभोवती सुमारे वीतभर रुंदीची प्लॅस्टिकची गुळगुळीत पट्टी घट्ट बांधून तिच्या कडेला वंगण लावले तर त्यांची वाट अडते. विषारी द्रव्यावाचून होणारा हा उपाय अत्यंत स्वस्त आहे.

विटा आणि आंबे

या प्रदेशातील आंब्याचा एक शत्रू कीड नाही, बुरशीही नाही. कैरी सुपारीएवढी होते न होते तोच तिचे खालचे टोक फिकट पडते, नंतर काळे होते आणि फळ वेळेआधीच पिकून गळते. हा ‘काळे टोक’ नावाचा विकार. वीटभट्ट्यांच्या आसपासच्या बागांतच तो प्रामुख्याने आढळतो, हे निरीक्षणाने सिद्ध झाले आहे. भट्टीच्या धुरातील गंधकाचा वायू आणि इतर वायू कोवळ्या फळाला बाधतात. गंगेच्या गाळाची माती विटांना उत्तम आणि आंब्यालाही उत्तम. त्यामुळे भट्टी आणि बाग एकमेकींच्या शेजारी येतात. भट्ट्या पेटविण्याचा कोरडा हंगाम आणि कैरी वाढण्याचा हंगामही एकच.

टाकणखाराचे पाणी, म्हणजे एक लिटर पाण्यात सहा ग्रॅम टाकणखार, मोहोराच्या सुमारास आणि फळधारणेनंतर फवारले असता हा विकार बराच आटोक्यात राहतो. भट्टीचे धुराडे उंच केल्यानेही लाभ होतो. तथापि खरा उपाय अंतराचा आहे. आमराईपासून भट्टी पुरेशी दूर असली पाहिजे. मलिहाबादचा परिसर फळपट्टी म्हणून राखण्यामागे हाही एक विचार आहे. परंतु शहर वाढते आहे. गोमतीपलीकडील अलीगंजसारख्या वस्त्या गेल्या अर्धशतकात सेक्टरामागून सेक्टर अशा विस्तारल्या, आणि त्यांच्या भिंतींसाठी वीट जवळपासच्या मातीतूनच भाजली जाणार हे उघड आहे. घर बांधणारा आणि आंबा खाणारा नागरिक एकच असतो. त्याच्या या दोन गरजांचा हिशेब बागेत येऊन मिळतो.

उतरणी आणि अढी

फळ धरल्यापासून साधारणपणे बारा आठवड्यांत दशहरी तयार होतो. देठाजवळचे खांदे देठापेक्षा वर उचलले गेले, हिरव्या रंगाची गडद छटा कमी झाली आणि पाण्यात टाकल्यावर फळ बुडू लागले की ते उतरविण्यास योग्य झाले असे समजतात. अपक्व फळ पाण्यावर तरंगते.

फळ ओरबाडून काढले तर देठातून चीक निघतो, सालीवर सांडतो आणि तेथे काळा डाग पडतो. डागातून पुढे कुजण्यास आरंभ होतो. म्हणून सुमारे एक सेंटिमीटर देठ राखून फळ काढावे लागते. कोकणात यासाठी टोकाशी जाळी आणि पाते असलेला झेला वापरतात. उत्तरेकडील परंपरागत ‘लग्गी’ म्हणजे लांब काठी. तिने फळ ओढले जाते, बहुधा जमिनीवर आपटते आणि मुका मार लागतो. तो त्या दिवशी दिसत नाही. चार दिवसांनी ग्राहकाच्या घरी दिसतो.

आंबा झाडावरून काढल्यावरही पिकतो. या काळात त्याचा श्वसनवेग एकाएकी वाढतो, फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडते आणि त्या वायूने पिकण्याची क्रिया आणखी वेगाने होते. पिष्टाचे साखरेत रूपांतर होते, आम्लता उतरते, गर मऊ पडतो. अढी घालण्याच्या जुन्या पद्धतीचे रहस्य हेच आहे. गवतात रचलेल्या फळांचा वायू तेथेच कोंडून राहतो आणि अढी एकसारखी पिकते. उत्तरेत या रीतीला ‘पाल’ म्हणतात.

घाईच्या व्यापारात या पद्धतीची जागा कॅल्शियम कार्बाइडने घेतली. त्याच्यापासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूने सालीचा रंग बदलतो, पण अपक्व फळाला गोडी येत नाही. शिवाय व्यापारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर करण्यास कायद्याने बंदी आहे. बंद खोलीत नियंत्रित प्रमाणात इथिलीन सोडून फळे पिकविण्यास मात्र परवानगी आहे, कारण हा वायू फळाचाच आहे. रंग आलेला पण वासाचा मागमूस नसलेला, कापल्यावर आत पांढुरका निघणारा आंबा जूनच्या आरंभी हातगाडीवर दिसला, तर तो अपक्व उतरविलेला आहे असे खुशाल समजावे.

पक्व फळे सुमारे 52 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात काही मिनिटे बुडविली असता सालीवरील बुरशी मरते आणि कुजण्याचे प्रमाण घटते. त्यानंतर 12 अंशांच्या आसपास शीतगृहात ठेवल्यास दशहरी आणखी काही आठवडे टिकतो. त्याहून फार थंडी मात्र सोसत नाही. आंबा उष्ण प्रदेशाचा असल्यामुळे अति थंडीने त्याची साल काळवंडते आणि पुढे तो नीट पिकत नाही.

कैरीचे पदार्थ

एप्रिल-मेमध्ये ‘आँधी’, म्हणजे धुळीची वादळे, येतात आणि एका रात्रीत कैऱ्यांचा सडा पडतो. पडलेली कैरी फळ म्हणून विकली जात नाही. तिला पदार्थाचे रूप द्यावे लागते.

कोय धरण्यापूर्वीची कोवळी कैरी चटणीला आणि पन्ह्याला. कोय कठीण झाली पण गर अजून पांढरा आणि आंबट आहे, ही अवस्था लोणच्याची. मिठामुळे फोडींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि नासविणाऱ्या जीवाणूंना त्या खारात जगता येत नाही. वर तेलाचा थर राहिला की हवेचा संपर्क तुटतो आणि बुरशी धरत नाही. महाराष्ट्रात हे तेल शेंगदाण्याचे किंवा तिळाचे असे. अवधात ते मोहरीचेच असते आणि मसाल्यात बडीशेप व कलौंजी येते. अलीगंजच्या गच्च्यांवर जूनच्या उन्हात वाळत ठेवलेल्या फोडी दिसतात त्या याच कामाच्या.

सोलून काप करून वाळविलेली कैरी म्हणजे कोकणातली आंबोशी. तिचीच पूड म्हणजे आमचूर. मलिहाबादच्या परिसरात हा मोठा घरगुती उद्योग असून तो मुख्यतः स्त्रियांच्या हातांवर चालतो. लोखंडी विळीने चिरले तर कैरीतील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काप काळे पडतात; जमिनीवर पसरून वाळविले तर धूळ मिसळते. स्टेनलेस स्टीलचे पाते, स्वच्छ जाळीची चौकट आणि उन्हाचा ताप कोंडून धरणारी साधी पेटी एवढ्या साधनांनी मिळणारा फिकट रंगाचा आमचूर बाजारात काळ्या आमचुरापेक्षा चढ्या भावाने जातो. कैरी तीच, श्रमही जवळजवळ तेच. फरक केवळ पात्याचा आणि चौकटीचा.

पिकल्या फळाचा गर

कारखान्यात पिकलेली फळे धुऊन, निवडून, साल आणि कोय काढून त्यांचा गर यंत्राच्या चाळणीतून काढतात. सामान्यतः फळाच्या वजनाच्या निम्म्याहून काहीसा अधिक गर मिळतो. तो तापवून, गरम असतानाच डब्यांत भरून, डबे हवाबंद करून उकळत्या पाण्यात ठेवतात. मांस किंवा भाज्या यांचे डबे यापेक्षा अधिक तापमानात, दाबाखाली शिजवावे लागतात. फळांच्या गरात आम्ल असल्यामुळे घातक जीवाणूंची वाढ होत नाही आणि उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. दशहरी गोड असून त्यात आम्ल कमी असते, म्हणून त्याच्या गरात थोडे सायट्रिक आम्ल घालावे लागते. हे आम्ल केवळ चवीसाठी नाही, सुरक्षिततेसाठीही आहे.

या गरापासून स्क्वॅश, सरबत, जॅम असे निरनिराळे पदार्थ होतात. जॅममध्ये सुमारे दोन-तृतीयांश भाग विद्राव्य घटकांचा, मुख्यतः साखरेचा असतो. या साखरेमुळेच त्यात जीवाणूंना उपलब्ध होईल असे पाणी उरत नाही. मुरंबा आणि साखरांबा यांचेही तत्त्व हेच. गराचा पातळ थर ताटावर पसरून, तो वाळल्यावर दुसरा थर देत गेले की आंबापोळी होते. तिला उत्तरेत ‘अमावट’ म्हणतात. हापूसच्या मानाने दशहरीचा गर घट्ट आहे, त्यामुळे त्याच्या फोडी पाकात डबाबंद करता येतात.

असे असले तरी देशातील आंब्याच्या गराच्या उद्योगात मोठा वाटा दक्षिणेतील तोतापुरीचा आहे. निर्यातीच्या गरात कोकणचा हापूस आणि गुजरातचा केसर यांचेही स्थान मोठे आहे. दशहरी बहुतांशी ताजाच खाल्ला जातो. हे त्याच्या गोडीचे भूषण खरे, पण बागाइतदाराची तीच अडचणही आहे.

कारखान्यात उरणारी साल आणि कोय हा केवळ कचरा नव्हे. सालीत पेक्टिन असते. कोयीच्या आतील गरातून निघणारे मेद कोको-मेदाशी मिळतेजुळते असून युरोपीय देशांच्या कायद्याने ते मर्यादित प्रमाणात चॉकलेटमध्ये वापरता येते.

थांबण्याची शक्ती

मलिहाबादमध्ये अनेक बागाइतदार आपले पीक फळ येण्यापूर्वीच, कित्येकदा मोहोरावर, ठेकेदाराला विकून टाकतात. औषधे, पाणी आणि राखण यांसाठी रोख रक्कम हवी असते, आणि वादळाचा धोका दुसऱ्याने पत्करलेला बरा वाटतो. ठेकेदाराला मात्र एकाच हंगामात पैसे वसूल करायचे असतात. पुढच्या वर्षी झाड कसे राहील याची काळजी त्याने का करावी? म्हणून फवारण्या वाढतात, फळ लवकर उतरते आणि सारा माल एकाच वेळी दुबग्ग्याच्या मंडईत येऊन भाव कोसळतो. झुमका, आपटलेले फळ आणि कार्बाइड या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी बऱ्याच वेळा हीच घाई आढळते.

काकोरीजवळ रहमानखेडा येथे 1972 साली केंद्रीय आंबा संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याचीच पुढे केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था झाली. जुन्या बागांचे पुनरुज्जीवन हे तेथील एक महत्त्वाचे काम होय. चाळीस-पन्नास वर्षांनी झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंततात, आत ऊन पोचत नाही आणि फळ केवळ शेंड्याला लागते. अशा झाडाच्या मुख्य फांद्या डिसेंबरमध्ये जमिनीपासून सुमारे चार मीटर उंचीवर कापून, फुटणाऱ्या अंकुरांची विरळणी केली असता दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा फळू लागते. परंतु तेवढी वर्षे त्या झाडाचे उत्पन्न बुडते, आणि ती तूट सोसण्याची ऐपत ज्याच्याजवळ नाही तो करवत उचलीत नाही. बागेचा एक-एक भाग क्रमाक्रमाने छाटावा, असे म्हणूनच सुचविले जाते.

अढी, शीतगृह, आमचुराची चौकट, लोणच्याची बरणी आणि गराचा डबा यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. यांतील प्रत्येक साधन बागाइतदाराला थोडा अवधी मिळवून देते, कोणी चार दिवसांचा, कोणी चार आठवड्यांचा, कोणी वर्षाचा. ही साधने बागेजवळ आणि बागवानाच्या मालकीची असतील तर वादळात पडलेल्या कैरीलाही मोल येते. ती दूर आणि दुसऱ्याच्या हाती असतील तर उत्तम फळही मिळेल त्या भावाने द्यावे लागते. पावसाला जोर आला की दशहरी संपतो आणि चौसा येतो. त्यानंतर अलीगंजच्या घरांतून बरणीतील लोणचे आणि डब्यातील आमचूर एवढेच उरते. त्यांच्या किमतीतील किती भाग मलिहाबादेस परत गेला, यावर तेथील आमराईचे पुढील वर्ष अवलंबून असते.